गाडी आणि गाडीवाले : युरियाच्या टाकीची दुखणी

ऊस सुरू झाला की माझ्या गॅरेजात गर्दी वाढते आणि या सदराला येणारी पत्रंही वाढतात. यंदा क्लच, पाटे, ब्रेक सगळे मागे पडले आणि निम्मी पत्रं निघाली युरियाची. डिझेल गाडीच्या धुरातला नॉक्स हा विषारी वायू मारायला सायलेन्सरात जे युरियाचं पाणी फवारतात, त्याला कंपनीच्या पुस्तकात डीईएफ लिहितात, बादलीवर अ‍ॅडब्लू असतं, पण आपल्या निपाणी-संकेश्वर पट्ट्यात ड्रायव्हर त्याला युरियाच म्हणतात. मीही तेच म्हणणार. बाकीचे प्रश्न पुढच्या अंकाला ठेवलेत, राग नसावा.

प्रश्न : मेस्त्री अण्णा, नमस्कार. माझी बीएस-६ दहाचाकी निपाणी-बेंगळूर चालते. दीड महिन्यापूर्वी पिवळा दिवा लागला. टाकीत युरिया भरपूर होता. तवंदी घाटात गाडी ओढायचीच बंद झाली, मागं टँकरवाले हॉर्न मारून जीव खायला लागले. एका गॅरेजवाल्यानं स्कॅनर लावला, नॉक्स सेन्सर गेला म्हणाला, बावीस हजार घेऊन नवा टाकला. दिवा गेला. अठरा दिवसांनी परत लागला. आता दुसरा सेन्सर बदला म्हणतोय. बदलू का?
– ट्रकमालक, निपाणी

उत्तर : पावणं, थांबा. निदान हे वाचून होईपर्यंत तरी खिशात हात घालू नका.

तुमचं पत्र वाचून मी फोन केला तेव्हा पहिल्यांदा कोड विचारला होता. तुम्ही स्कॅनरच्या पडद्याचा फोटो पाठवलात, त्यात पी२०ईई होतं. या कोडचा अर्थ ‘सेन्सर गेला’ असा कुठंही लिहिलेला नाही. नॉक्स जितका कमी व्हायला हवा तितका होत नाही, एवढंच तो सांगतो. सेन्सर दोन असतात, एक सायलेन्सरातल्या कॅटॅलिस्टच्या, म्हणजे नॉक्स मारणाऱ्या ठोकळ्याच्या, अलीकडं आणि एक पलीकडं. गाडीचा कॉम्प्युटर दोघांचे आकडे शेजारी ठेवतो आणि फरक पुरेसा पडला नाही की दिवा लावतो. म्हणजे पलीकडच्या सेन्सरनं खरं सांगितलं आणि त्यालाच काढून भंगारात टाकलं. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

मग मी दुसरं विचारलं, युरिया कुठला घालता? तुम्ही जरा घुटमळलात. मग म्हणालात, हायवेला एक जण ड्रममधून सुटा देतो, स्वस्त पडतो. म्हणून मी टाकीतलाच दोन लिटर काढून आणायला सांगितला. त्या दिवशी घाईत होतात, म्हणून पुढं काय केलं ते इथं लिहितो, बाकीच्यांनाही उपयोग होईल.

माझ्याकडं रिफ्रॅक्टोमीटर आहे, पाण्यात युरिया किती टक्के ते दाखवणारा. टॉर्चएवढी नळी, एका टोकाला तिरकी काच. त्या काचेवर दोन थेंब टाकायचे, वरची चकती मिटायची आणि उजेडाकडं धरून डोळा लावायचा. आत एक पट्टी दिसते, वर निळं आणि खाली पांढरं, दोन्ही जिथं मिळतात तो आकडा वाचायचा. शुद्ध डीईएफ म्हणजे ३२.५ टक्के युरिया आणि बाकी खनिजं काढून टाकलेलं पाणी. आयएसओ २२२४१ या मानकात ३१.८ ते ३३.२ एवढीच सूट आहे. तुमच्या बाटलीचा आकडा आला २७. मी काच पुसून परत बघितलं, आमच्या पोरालाही बघायला लावलं. २७च.

आता हिशेब बघा. कॉम्प्युटर असं धरून चालतो की टाकीत ३२.५चा माल आहे, आणि त्या हिशेबानं फवारतो. गरम सायलेन्सरात युरियाचा अमोनिया होतो, तो नॉक्सला धरतो आणि दोघांचा मिळून साधा नायट्रोजन आणि वाफ होते. पण फवाऱ्यात पाणीच जास्त असेल तर अमोनिया कमी पडणार, नॉक्स तसाच बाहेर जाणार आणि सेन्सर ओरडणार. नवा सेन्सर टाकल्यावर दिवा गेला तो कोड पुसल्यामुळं. कॉम्प्युटर परत मोजायला बसला, आणि अठरा दिवसांत त्याचं मत पक्कं झालं.

घाटात ओढ गेली तीही गाडी मोडल्यामुळं नव्हे. तो नियमातलाच धाक आहे. आधी ओढ पाव हिश्शानं उतरवतात, तरी मालक ऐकेना तर गाडी ताशी २० किलोमीटरच्या वर जात नाही. तवंदी चढताना हे कळणं वाईटच, पण इंजिनाला काही झालेलं नाही.

काय करायचं ते सांगतो. टाकी खालच्या बुचातून पूर्ण रिकामी करा. डीएम, म्हणजे खनिजं काढून टाकलेल्या, पाण्यानं दोनदा खळबळून धुवा, बोअरचं पाणी नको, नळाचंही नको. युरियाचा फिल्टर बदला, काढलेला फिल्टर उभा चिरून आत काय साठलंय ते डोळ्यांनी बघा. मग सीलबंद बादलीतला युरिया भरा. त्यानंतर डोझर, म्हणजे युरिया फवारणारा इंजेक्टर, सायलेन्सरवरून काढून त्याचं तोंड मोजपात्रात ठेवायचं आणि स्कॅनरवरून टेस्ट द्यायची. फवारा बारीक, धुक्यासारखा आणि सगळीकडं सारखा पडायला हवा, आणि ठरलेल्या वेळात ठरलेलं माप भरायला हवं. टपटप थेंब गळत असतील तर डोझरच्या तोंडाला कचरा धरलाय. तो कोमट पाण्यात स्टीलच्या वाटीत बुडवून ठेवा, तारेचा ब्रश लावू नका. गळणारा डोझर जास्त युरिया ओततो तरीही हाच कोड येतो. हे बऱ्याच फिटरना माहीत नसतं. नॉक्स सेन्सरला अमोनिया आणि नॉक्स यांतला फरक ओळखता येत नाही. जास्तीचा अमोनिया पलीकडं पोचला की त्यालाही तो नॉक्सच समजतो.

एवढं करून शेवटी स्कॅनरवरून एससीआरची, म्हणजे नॉक्स मारणाऱ्या या सगळ्या यंत्रणेची, टेस्ट पूर्ण करून घ्या, नुसता कोड पुसून रस्त्यावर पळू नका. सेन्सरचा नंबर या सगळ्यानंतर.

एक गोष्ट मात्र माझ्या नळीलाही कळत नाही. कुणी ३२.५ टक्के बरोबर मोजून घातला, पण बोअरच्या पाण्यात घातला, तर आकडा चोख येणार. कॅल्शियम, मॅग्नेशियम सगळं आत जाऊन कॅटॅलिस्टवर बसणार आणि डोझरचं भोक बुजवणार. ते लॅबलाच कळतं. म्हणून सुटा माल नकोच. बादलीवर आयएसओ २२२४१ आणि तारीख बघा, सील तुमच्यासमोर फोडू द्या.

प्रश्न : काका, आमच्या घरी खताच्या युरियाची पोती पडलेली असतात. आरओचं पाणी आहे. गावातला एक जण म्हणतो, ३२.५ किलो युरिया आणि ६७.५ लिटर पाणी, झालं तुमचं डीईएफ. खरं का?
– शेतकरी आणि दोन ट्रकांचे मालक, अथणी तालुका

उत्तर : हिशेब बरोबर आहे, माल चूक आहे. खताच्या दाण्यावर कडुलिंबाचं तेल असतं, २०१५ पासून देशात सगळाच युरिया कडुलिंबाचा. ते तेल पाण्यात विरघळत नाही. पातेल्यात एक मूठ टाकून बघा, वर तवंग येतो आणि पाणी गढूळ होतं. शिवाय खतात बाययुरेट, म्हणजे युरिया बनताना तयार होणारं नको असलेलं रसायन, आणि धूळ चालते, उसाला काही होत नाही, कॅटॅलिस्टला होतं. आणि अनुदानाचं खत शेतीशिवाय कुठं वापरणं गुन्हा आहे, ते तुम्ही शेतकरी असून मी काय सांगायचं. ते पोतं उसालाच घाला. पन्नास एचपीच्या आतले आपले ट्रॅक्टर या भानगडीत नाहीत, तेवढं सुख आहे.

प्रश्न : अण्णा, रात्री पंपावर क्लीनरनं झोपेत युरियाच्या टाकीत डिझेल ओतलं. पाच लिटर असेल. किल्ली अजून लावलेली नाही. मालकाला सांगायची भीती वाटते.
– ड्रायव्हर, गोकाक

उत्तर : किल्ली लावली नाहीस, तू शहाणा आहेस. लावूही नकोस. किल्ली फिरली की पंप डिझेल ओढून लायनीत नेतो. गाडी ढकलून बाजूला घे, टाकी खोलून पूर्ण धुवून घे. मालकाला आजच सांग. आज टाकी धुण्याचा खर्च आहे, उद्या पंप, लायनी आणि डोझरचा होईल.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. २०२१ साली एक खासगी बस युरिया भरायला आणि फिल्टरला आली होती. पोरानं खिळ्याला अडकवलेलं पत्र्याचं नरसाळं घेतलं. त्याच नरसाळ्यानं आम्ही डिझेल फिल्टर भरायचो. आत लागलेलं डिझेल असेल दोन चमचे. आठवड्यानं बस परत आली, प्रेशर तयार होईना. पंप खोलला तर आतलं रबर फुगून मऊ पडलं होतं, रात्रभर भिजवलेल्या हरभऱ्यासारखं. बोटानं दाबलं तर दबत होतं. त्या रबराला पाण्यातला युरिया सोसतो, तेल सोसत नाही. बसमालक भला माणूस, पण पंप माझ्या गल्ल्यातून गेला. तेव्हापासून युरियाचं नरसाळं प्लॅस्टिकचं, निळ्या रंगाचं, वेगळ्या कपाटात, आणि किल्ली माझ्या कमरेला. पोरं हसतात. हसू देत.

उलटं कुणी केलं, म्हणजे डिझेलच्या टाकीत युरिया, तर ते याहून महाग. तेव्हाही उपाय हाच, किल्ली नको.

प्रश्न : मेस्त्री, आमची शाळेची बस आहे. सकाळी नंदगडच्या बाजूची पोरं आणायची, संध्याकाळी सोडायची. सायलेन्सरच्या जोडाला पांढरं मीठ साठतंय. महिन्यात दोनदा दिवा लागला. गाडी नवीन आहे, युरिया सीलबंद आहे. गाडी उभी केली की मी मेन स्विच लगेच बंद करतो, बॅटरी चोरीला जाऊ नये म्हणून.
– बसचालक, खानापूर

उत्तर : तुमच्या शेवटच्या वाक्यात निम्मं उत्तर आहे, त्याकडं मग येतो.

आधी ते मीठ. माझ्याकडं बैलहोंगलचा एक गडी आहे. असली गाडी पिटवर आली की तो खालूनच ओरडतो, “उप्पु बंदैत्री अण्णा!” मीठ आलंय. तो उप्पु म्हणजे युरियाच, पाणी उडून गेल्यावर मागं राहिलेला. सायलेन्सर पुरेसा तापल्याशिवाय, साधारण दोनशे अंशांच्या आसपास गेल्याशिवाय, कॉम्प्युटर फवारत नाही. तुमची बस दर दोन मिनिटांनी थांबते, दार उघडतं, पोरं चढतात, चालत्या इंजिनावर उभी राहते. सायलेन्सर जेमतेम तापतो, फवारा सुरू होतो आणि लगेच परत गार पडतो. फवाऱ्यातले थेंब नळीच्या गार भिंतीला चिकटतात. रोज थोडा थोडा थर. पुढं हाच थर भाजून दगडासारखा होतो, मग तो कोमट पाण्यालाही दाद देत नाही.

पण तुमचं मीठ बाहेर दिसतंय, जोडावर. म्हणजे तिथं गॅस्केट गळतंय. गळती असली की बाहेरची हवा आत जाते आणि सेन्सरचा आकडाही खोटा येतो. गॅस्केट नवं टाका, बोल्ट आखून दिलेल्या ताकदीनं आवळा. मीठ कोमट पाण्यानं आणि कापडानं काढा. हातोडा मारू नका, आतला कॅटॅलिस्ट चिनी मातीच्या जातीचा असतो, तडकला की बसच्या एका वर्षाच्या भाड्याएवढं बिल.

आठवड्यातून एकदा शनिवारी पोरं सोडल्यावर बस तशीच खानापूर ते बेळगाव मोठ्या रस्त्यानं एका लयीत आणा आणि परत न्या. मालक डिझेलचं कारण सांगेल. त्याला हे पान दाखवा.

आता मेन स्विच. किल्ली बंद केल्यावर मागून ‘घुर्र’ असा आवाज येतो, ऐकलाय ना? तो पंप लायनीतला आणि डोझरमधला उरलेला युरिया परत टाकीत ओढतोय. मिनिट-दीड मिनिट चालतं. त्या आधीच तुम्ही स्विच तोडलात तर युरिया लायनीत राहिला. गरम डोझरवर पाणी उडालं, युरिया उरला आणि रोज एक पापुद्रा चढला. किल्ली काढा, उतरा, मागची टायरं बघा, बसमध्ये कुणी पोर झोपलंय का बघा, डबा काढा, आणि मगच स्विच. दोन मिनिटं होतात आरामात.

अजून एक. खानापूरला पाऊस कसा पडतो ते मी सांगायला नको. टाकीवरचा वायरचा कनेक्टर उघडून आतल्या पिना बघा. हिरवट भुकटी दिसली तर तिथं युरिया पोचलाय. तांब्याशी आणि पितळेशी त्याचं हाडवैर, आणि तो वायरच्या आतून चढत चढत फूटभर लांबही जातो. दिवा अधूनमधून लागत असेल, पावसात लागून उन्हात जात असेल, तर आधी कनेक्टर बघायचा. उंदरांनी वायर कुरतडलेलीही मी याच जागी पाहिलीय, उसाच्या फडाशेजारी उभ्या राहणाऱ्या गाड्यांत तर नेहमी.

प्रश्न : एक जण चिप बसवून देतो, युरियाच लागत नाही, दिवाही लागत नाही. पीयूसी पण निघते म्हणतो. बसवू काय?
– संकेश्वर

उत्तर : पीयूसी निघते हे तो खरं सांगतो. डिझेल गाडीचा तिथं धूर मोजतात, नॉक्स नव्हे. म्हणूनच हा धंदा चालतो.

बाकी तो काय सांगत नाही ते ऐका. चिप कॉम्प्युटरला खोटं सांगते की सगळं ठीक चाललंय. खाली युरियाची टाकी, पंप, डोझर तसेच. सहा महिने न वापरलेला पंप कोरडा पडतो, आत मीठ धरतं. गाडी विकायच्या वेळी, किंवा कंपनीच्या सर्व्हिसला नेल्यावर, चिप काढावी लागते आणि तेव्हा पंपही नवा, डोझरही नवा. मागच्या उन्हाळ्यात अशी एक गाडी माझ्याकडं आली, पहिल्या मालकानं चिपचं सांगितलंच नव्हतं. नव्या मालकाला ती फ्यूजबॉक्सच्या मागं काळ्या टेपमध्ये गुंडाळलेली सापडली. त्याचा चेहरा मला अजून आठवतो.

कायद्याचंही सांगतो. प्रदूषणाच्या निकषांना हरताळ फासला तर मोटार वाहन कायद्याचं कलम १९०(२) लागतं, पहिल्याच वेळी १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद. आपण तर सीमेवरचे, गाडी केए-२३ असो की एमएच-०९, दोन्ही राज्यांचे अधिकारी आपल्या वाटेत.

मी चिप बसवत नाही. बसवलेली काढून देतो.

प्रश्न : मेस्त्री काका, मिस्टरांच्या तीन ट्रकांचा हिशेब मी ठेवते. बेळगावहून गोव्याला भाजी आणि सिमेंट. प्रत्येक ट्रकला आठवड्याला साधारण २५० लिटर डिझेल लागतं. युरिया मात्र एकाला ४ लिटर, दुसऱ्याला ११, तिसऱ्याला २२. ड्रायव्हर म्हणतात गाडीगाडीत फरक असतो. असतो का एवढा? आणि बादल्या किती दिवस टिकतात?
– बेळगाव

उत्तर : वहिनी, तुमच्यासारखी वही ठेवणारं माणूस प्रत्येक घरात असतं तर माझं गॅरेज बंद पडलं असतं.

ढोबळ हिशेब असा, १०० लिटर डिझेलमागं ३ ते ६ लिटर युरिया. तुमच्या २५० लिटरला साडेसात ते पंधरा. घाट आणि ओझं असलं की वरच्या अंगाला जातो. ११वाली गाडी ठीक आहे, तिला हात लावू नका.

४वाल्या गाडीत फवारा पुरेसा पडत नाही, आणि तरी दिवा लागत नसेल तर दोनच शक्यता मला दिसतात. एक, कुणीतरी चिप बसवलीय, वरचा प्रश्न वाचा. दोन, टाकीत युरियाबरोबर दुसरं काही पडतंय, म्हणजे पाणी, म्हणून बादल्या कमी लागतात. पण पाण्यानं दिवा लवकरच लागेल. फ्यूजबॉक्सच्या मागं हात घालून बघायला सांगा, पण ड्रायव्हरला नको, मिस्टरांनाच.

२२वाल्या गाडीखाली सकाळी टॉर्च घेऊन जा. टाकी, पंप आणि डोझर यांच्यामधल्या नळ्यांच्या जोडाला पांढरी रेघ दिसते का बघा. युरिया गळला की सुकून पांढरा डाग पडतो, डिझेलसारखा लपत नाही. डाग असेल तर गळती. स्वच्छ कोरडं असेल, तर मग बादली गाडीत न जाता कुठं जातेय ते बघायला मेस्त्री लागत नाही. त्या ड्रायव्हरला लगेच काही बोलू नका. पुढच्या दोन आठवड्यांत बादली स्वतःसमोर ओतून घ्या आणि आकडा परत लिहा.

बादल्यांचं आयुष्य उन्हावर आहे. ३० अंशांच्या आत ठेवलात तर वर्षभर, ३५ अंशांत ठेवलात तर सहा महिने, त्याहून तापलं तर आणखी कमी. पत्र्याच्या शेडखाली एप्रिल-मेमध्ये नका ठेवू. घरातली जिन्याखालची जागा उत्तम. उणे ११ अंशांना गोठतो म्हणतात, ती काळजी आपल्याला नाही, चोर्ला घाटात एवढी थंडी पडली तर युरियाच्या आधी आपणच गोठू. लोखंडी डब्यात किंवा पितळेच्या नळाच्या पिंपात ओतून ठेवू नका, आहे त्याच प्लॅस्टिकच्या बादलीत राहू द्या. जुनी आधी, नवी मागं. आणि सील फोडलं त्या दिवशीची तारीख झाकणावर मार्करनं लिहा, गाडीचा नंबरही लिहा. पुढच्या महिन्यात तुमच्या वहीत कुठली बादली कुठल्या गाडीची हे शोधायला लागणार नाही.